पानिपतचा बंदिवान : जनकोजी शिंदे

पानिपतविषयी आपल्या समाजात जे बोलले जाते, ते बहुधा बुराडी घाटावर येऊन थांबते. दत्ताजी शिंदे घायाळ होऊन पडले असता त्यांनी शत्रूस दिलेले उत्तर शाळकरी मुलांसही मुखोद्गत असते. ते असावेच. परंतु त्याच घाटावर, त्याच दिवशी, दत्ताजीचा पुतण्या दंडात गोळी लागून घोड्यावरून खाली आला होता आणि तो पुढे वर्षभर जगला, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? या पुतण्याचे नाव जनकोजी. तो रणात पडला नाही. तो शत्रूच्या हाती जिवंत सापडला आणि कैदेत मारला गेला. त्याच्या मुखी कोणतेही स्मरणीय वाक्य नाही, आणि बहुधा म्हणूनच तो आपल्या व्याख्यानांतून व पोवाड्यांतून हळूहळू गळून गेला. प्रस्तुत लेख त्याच्यासाठी आहे.

शिंदे घराणे मूळचे सातारा प्रांतातील कण्हेरखेडचे. तथापि आम्हां भिवंडीकरांस ते अगदीच परके समजण्याचे कारण नाही. आपली कामवारी नदी ज्या खाडीस मिळते, त्याच खाडीच्या मुखाशी वसईचा कोट उभा आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी तो जिंकला, त्या मोहिमेत जनकोजीचा आजा राणोजी शिंदे आपल्या पथकासह हजर होता. वसईचा तह कसा झाला हे येथे मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्याची आठवण होणार आहे. हजारो मराठे त्या तटाखाली कामी आले होते. सुरुंगांनी माणसे उडाली होती. सूड घेण्यास कारण पुष्कळ होते. असे असूनही हार मानलेल्या फिरंग्यांस शस्त्रे, निशाणे, वाद्ये व बायकामुले यांसह सन्मानाने बाहेर पडू देण्यात आले. जिंकलेल्याने हरलेल्याशी कसे वागावे, याचा हा एक नमुना राणोजीने आपल्या डोळ्यांनी पाहिला होता.

राणोजी १७४५ साली वारला. जनकोजीचा जन्मही १७४५ चाच धरला जातो. राणोजीचे पुत्र जयाप्पा, दत्ताजी, जोतिबा, तुकोजी व महादजी. त्यांपैकी जोतिबा बुंदेलखंडात ओर्छ्याजवळ दग्याने मारला गेला. वडील जयाप्पा मारवाडात नागोरास वेढा घालून बसला असता १७५५ च्या जुलै महिन्यात मारेकऱ्यांनी त्याचा छावणीतच खून केला. जयाप्पाचा मुलगा जनकोजी तेव्हा दहा वर्षांचा. सरदारी त्याच्या नावे झाली आणि कारभार चुलता दत्ताजी पाहू लागला. ज्या वयात आपली मुले चौथी-पाचवीच्या वर्गात असतात, त्या वयात हा मुलगा हजारो घोड्यांच्या पथकाचा धनी झाला. हे भाग्य म्हणावे की आपत्ती, याचा निर्णय वाचकांनीच करावा.

आता नजीबखान रोहिल्याची गोष्ट थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण जनकोजीच्या मृत्यूचे मूळ तेथे आहे.

नजीब हा अहमदशहा अब्दालीचा हिंदुस्थानातील खरा आधार. १७५७ साली रघुनाथराव दादासाहेब व मल्हारराव होळकर यांनी दिल्ली घेतली, तेव्हा हा नजीब मराठ्यांच्या मुठीत सापडला होता. त्याने मल्हाररावाचे पाय धरले, आपणांस त्याचा धर्मपुत्र म्हणविले, आणि मल्हाररावाच्या रदबदलीने तो सुटला. हा निर्णय मराठ्यांस केवढ्यास पडला, यावर इतिहासकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. त्यात आम्ही भर घालीत नाही. एवढेच ध्यानात ठेवावे की, मराठ्यांच्या हाती सापडून, तहाच्या बोलीवर जिवंत सुटलेला असा हा मनुष्य होता.

दोन वर्षांनी दत्ताजीने याच नजीबावर गंगाकाठी शुक्रताल येथे मोर्चे लावले. नजीबाने अब्दालीस निरोप धाडला, अब्दाली पंजाबातून खाली उतरला आणि दत्ताजीस शुक्रतालचा वेढा उठवून दिल्लीकडे परतावे लागले. १० जानेवारी १७६० रोजी, संक्रांतीच्या दिवशी, यमुनेच्या बुराडी घाटावर गाठ पडली. दत्ताजी पडला. जनकोजीच्या दंडात गोळी लागली. लोकांनी त्यास कसेबसे काढून मागे नेले. जयाप्पाची जागा दत्ताजीने घेतली होती. दत्ताजीची जागा घेण्यास वयात आलेला कोणी शिंदा त्या छावणीत होता काय? तुकोजी व महादजी होते. परंतु सरदारीचे नाव जनकोजीचे. वडील गेले, चुलता गेला, आणि दंडाची जखम ओली असतानाच हा पंधरा वर्षांचा मुलगा कोटपुतळीस मल्हाररावाच्या फौजेस जाऊन मिळाला.

पुढील वर्ष त्याने भाऊसाहेबांच्या लष्करात काढले. दिल्ली ऑगस्टात हाती आली. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा घेतला, तेथे कुतुबशहा कैद झाला. दत्ताजीचे शिर कापणारा तो हाच, अशी सर्वांची समजूत. मराठ्यांनी त्याचा शिरच्छेद केला आणि त्याचे मस्तक मिरविले. आपल्या ग्रंथांतून हा प्रसंग मोठ्या समाधानाने सांगितला जातो. चुलत्याचा सूड पुतण्याच्या डोळ्यांदेखत उगवला, हे समाधान मनुष्यस्वभावास धरूनच आहे. परंतु कुतुबशहाही त्या घटकेस बंदिवानच होता, हे सत्य आम्ही लपवीत नाही. वसईचा दाखला एकवीस वर्षांचा जुना झाला होता आणि यमुनेच्या काठी दोन्ही बाजूंनी निराळेच हिशेब सुरू झाले होते.

पानिपतच्या कोंडीची कथा सर्वज्ञात आहे. नोव्हेंबरपासून दोन्ही छावण्या समोरासमोर बसल्या. मराठ्यांची रसद तुटली. जनावरे मेली, मग माणसे उपाशी राहू लागली. १४ जानेवारी १७६१ रोजी लष्कर बाहेर पडले. डावीकडे इभ्रामखान गारदी, मध्ये भाऊसाहेब व विश्वासराव, उजवीकडे होळकर व शिंदे. दोन प्रहरांनंतर विश्वासराव गोळी लागून पडले आणि लढाईचे पारडे फिरले. मल्हारराव निघून गेला. तुकोजी शिंदा कामी आला. महादजीच्या पायावर असा घाव बसला की तो जन्माचा लंगडा झाला; राणेखान नावाच्या मनुष्याने त्यास वाचवून दक्षिणेत आणले. आणि जनकोजी सापडला.

दुसऱ्या दिवशी जे झाले ते लिहिताना लेखणी अडखळते. शरण आलेल्या व पकडलेल्या हजारो पुरुषांस दुराण्यांनी आपापल्या तंबूंपुढे उभे करून कापले. काशीराज हा आकडा चाळीस हजारांचा सांगतो. तो आकडा अक्षरशः खरा मानण्याची गरज नाही. रणांगणावर कोणी मोजणी करीत बसत नाही. पण कत्तल झाली याविषयी शंका नाही. बायका व मुले गुलाम म्हणून वाटली गेली. त्या मेलेल्यांत सातारा, पुणे, अहमदनगर, कोकण येथील किती शिलेदार, बारगीर, बुणगे व बाजारकरी असतील! त्यांची नावे कोठेही उतरली नाहीत. जनकोजीचे नाव उतरले, याचे कारण तो सरदार होता, आणि सरदाराच्या जिवास बाजारात किंमत होती.

हा काशीराज कोण? तो दक्षिणी ब्राह्मण, परंतु अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी नोकरीस असल्यामुळे लढाईच्या दिवशी अब्दालीच्या बाजूस होता. त्याने १७८० साली फारसीत आपल्या आठवणी लिहिल्या. त्यांचे ब्राउन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने केलेले भाषांतर पुढे १९२६ साली रॉलिन्सन यांनी पुन्हा छापले. जनकोजीच्या अखेरच्या दिवसांविषयी आपल्यापाशी जे काही विश्वसनीय आहे, ते बव्हंशी या एका मनुष्याच्या सांगण्यावर उभे आहे.

काशीराज सांगतो ते असे. बरखुरदारखान हा अब्दालीचा मोठा सरदार. त्याचा दिवाण मोतीलाल याने जनकोजीस आपल्या राहुटीत लपवून ठेवले होते. काशीराजास तेथे नेण्यात आले. तेथे त्यास एक तरुण दिसला. गोळी व भाला यांनी हात जखमी झालेला. तो झोळीत अडकवून गळ्याशी बांधलेला. वय, त्याच्या अंदाजाने, वीस वर्षांचे. आम्ही वर दिलेल्या जन्मसालाप्रमाणे तो सोळाव्या वर्षात असावयास हवा. कारकुनाचा अंदाज चुकला असेल. किंवा दोन हिवाळे रणात काढलेल्या, दोन वेळा गोळी खाल्लेल्या मुलाचा चेहरा वयाहून थोर दिसत असेल. आमचा कल दुसऱ्या कारणाकडे आहे.

त्या तरुणाने काशीराजास पाहताच मान खाली घातली. काशीराजाने त्याचे समाधान केले की, तुम्ही पराक्रमात कसूर केली नाही, मग खाली का पाहता? त्यावर त्याने जे सांगितले, त्याचा आशय असा की, दैवापुढे इलाज नाही. रणात मरण आले असते तर बरे होते, पण नशिबाने येथे आणले. हे लोक पैसा मागतात. तो देणे आपणांस एरव्ही जड नव्हते, पण आज येथे तो कोठून आणावा? आपल्या वडिलांचा व नवाबाच्या घराचा स्नेह होता. नवाबाने हे द्रव्य भरून सोडविले तर ते उपकार राहतील.

वाचकांनी हे बोलणे नीट तोलून पाहावे. यात रडगाणे नाही, तशी फुशारकीही नाही. पहिले वाक्य लाजेचे आहे. नंतरची सारी वाक्ये कामाची आहेत. पैसा किती, कोण देऊ शकेल, कोणत्या नात्याने मागावा, हे सारे त्या मुलाने मनाशी जुळवून ठेवले होते. वडिलांच्या स्नेहाचा उल्लेखही पोकळ नव्हता. १७५१ साली शुजाचा बाप सफदरजंग हा बंगश व रोहिले यांच्या कचाट्यात सापडला असता, त्याच्या मदतीस धावून जाणारे दोन मराठे सरदार म्हणजे मल्हारराव होळकर व जयाप्पा शिंदे. ते देणे फेडण्याची संधी दहा वर्षांनी शुजाच्या दारी आली होती.

मागणी सात लाख रुपयांची होती. या रकमेचा अर्थ समजावा म्हणून एक तुलना देतो. दिल्लीत भाऊसाहेबांनी बादशाही दिवाणखान्याचे रुप्याचे छत काढून त्याचे नाणे पाडले. ते सुमारे नऊ लाखांचे भरले आणि फौजेच्या खर्चात पाहता पाहता आटले. म्हणजे एका मुलाच्या जिवासाठी जवळजवळ तेवढे रुपे पाहिजे होते. तथापि मोठ्या सरदाराची खंडणी सावकारांच्या हुंडीवर फिरत असे आणि घासाघीस करण्यास वाव असे. त्या काळी कैद्यास वाचविणारा कायदा नव्हता. युद्धकैद्यांसंबंधी जिनिव्हाचे करार झाले ते १९२९ व १९४९ साली. अठराव्या शतकात बंदिवानाचे रक्षण दोनच गोष्टी करीत : त्याची किंमत, आणि त्याच्या बाजूने बोलणारा कोणी. जनकोजीस दोन्ही होत्या. मग तो मेला का?

येथे नजीब पुन्हा येतो. हे प्रकरण शुजाकडून नजीबाच्या कानी गेले. शिंद्यांचे व त्याचे वैर उभ्या हिंदुस्थानास माहीत. दत्ताजीने त्यास शुक्रतालास कोंडून मरणाच्या दारी नेले होते. त्याने ही बातमी अब्दालीपर्यंत पोचविली. खुद्द शहाच्या सरदाराने एवढा मोठा कैदी परस्पर लपविला व त्याच्या खंडणीचा सौदा चालविला, हा शहाशी उघड बेइमानीचा प्रकार होता. बरखुरदारखानास विचारणा झाली. त्याने कानावर हात ठेवले. तंबूंची झडती घेण्याचा हुकूम सुटला. झडतीचे शिपाई येऊन पोचण्यापूर्वी जनकोजीस मारून जमिनीत पुरून टाकण्यात आले.

म्हणजे त्याचा प्राण प्रत्यक्ष सूडाने घेतला असे म्हणता येत नाही. नजीबाने सूडबुद्धीने वर्दी दिली हे खरे. पण ज्याने मारले, त्याचे जनकोजीशी काहीही वैर नव्हते. उलट हा मुलगा जिवंत राहावा यात त्याचा सात लाखांचा स्वार्थ होता. घरात चोरीचा माल सापडू नये म्हणून चोराने तो विहिरीत टाकावा, तसे हे झाले. शूराच्या मरणाची जी कल्पना आपण मनाशी बाळगतो, तिच्यात हे मरण कोठेच बसत नाही. आणि आमची तक्रार हीच आहे की, ते तसे बसत नाही म्हणून आपण ते सांगत नाही.

काशीराजाच्या साक्षीवर आक्षेप घेता येतील, ते आम्हांस मान्य आहेत. तो शुजाचा नोकर. त्याच्या लिखाणात शुजा दयाळू व नजीब दुष्ट दिसतो, हा योगायोग खचित नव्हे. शिवाय त्याने लिहिले ते एकोणीस वर्षांनी. तेव्हा शुजाने खरोखर किती खटपट केली, आणि केली असल्यास नजीबास ती कळेल अशा मार्गाने का केली, हे प्रश्न विचारण्याजोगे आहेत. आम्हांस असे वाटते की, शुजाने मनापासून पैसा मोजावयाचा ठरविले असते, तर गोष्ट दोन राहुट्यांच्या मध्येच मिटली असती. उपकाराची परतफेड करावयाची, पण ती सर्वांस विचारून, ही रीत भिडस्त माणसाची. तिने कैदी सुटत नाहीत. मात्र गळ्यात बांधलेला हात व खाली घातलेली मान, या दोन गोष्टींनी धन्याची कोणतीच प्रतिष्ठा वाढत नव्हती. त्या काशीराजाने पाहिल्या म्हणूनच लिहिल्या, असे आम्ही समजतो.

त्याच छावणीत इभ्रामखान गारदी हाही कैदेत होता. ज्या गारद्यांनी भाऊसाहेबांची साथ शेवटपर्यंत सोडली नाही, त्यांचा हा नायक प्रथम शुजाच्या आश्रयास होता. मागाहून त्यास अब्दालीच्या वजिराच्या हवाली करावे लागले. आठवड्याभरात तो मेला. त्याच्या जखमांत विष भरले, असे काशीराज लिहितो. विश्वासरावांचे शव अब्दालीपुढे नेले असता काही अफगाण त्यात पेंढा भरून ते काबूलास नेण्याची भाषा करीत होते. पण शुजा व इतर मध्ये पडले आणि हिंदू रीतीप्रमाणे अग्नी दिला गेला. म्हणजे पेशव्यांच्या पुत्रास निदान चिता तरी मिळाली. जनकोजीस तीही मिळाली नाही. तो कोठे पुरला गेला याची खूण ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. खूण राहू नये म्हणूनच तर तो पुरला गेला होता.

इकडे दक्षिणेत शिंद्यांच्या दौलतीचा धनी कोण, हा वाद कित्येक वर्षे चालला. राणोजीच्या पाच पुत्रांपैकी चार गेले, थोरल्या पातीचा एकुलता वारस पानिपतास संपला, आणि उरला तो लंगडा महादजी. दादासाहेबांच्या मनात त्याच्याविषयी प्रेम नव्हते. कधी केदारजीचे नाव पुढे येई, कधी मानाजीचे. महादजीच्या हाती सरदारी निश्चितपणे आली ती १७६८ साली, म्हणजे जनकोजीच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. नजीबखान १७७० साली आपल्या अंथरुणावर मेला. दोन वर्षांनी मराठी फौजांनी गंगा ओलांडून त्याच्या मुलाचा पथरगड किल्ला घेतला, तेव्हा महादजी त्या फौजेत होता. पुढे दिल्लीची सर्व सूत्रे त्याच्या हाती आली, हे सर्वांस माहीत आहे.

आपल्या समाजात शिंदे आडनावाची घरे थोडी नाहीत, आणि ज्यांची मुले सैन्यात गेली अशी घरेही आहेत. दसऱ्यास शस्त्रपूजेच्या वेळी वडीलधारी माणसे मुलांस दत्ताजीची गोष्ट सांगतात. ती सांगून झाली की, मुलांपैकी एखादा विचारील, मग त्यांच्या पुतण्याचे काय झाले? त्यास सांगावे की, त्याचा हात झोळीत होता, वय सोळाचे होते, आणि आपली सुटका कशी व्हावी याचा विचार तो शेवटपर्यंत करीत होता.